पळत मोजलेली जमीन

१९ सप्टेंबर १७३७ची पहाट. पेनसिल्व्हेनियातल्या राइट्सटाउनजवळ एका चेस्टनटच्या झाडापाशी तीन गडी तयार उभे होते: एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज. त्यांना दीड दिवस चालायचं होतं आणि ते जिथवर पोचतील तिथवरची जमीन ही वसाहत चालवणाऱ्या पेन घराण्याची होणार होती. तिथले मूळ रहिवासी लेनापे, त्यांच्या वाडवडिलांनी १६८६ साली तसं लिहून दिलंय, असं पेन बंधूंचं म्हणणं. मूळ खत कुणी दाखवलं नाही. होती ती एक नक्कल, सह्यांशिवायची. लेनापेंनी ती कशीबशी मान्य केली, कारण दीड दिवसाची चाल म्हणजे किती याचा त्यांना अंदाज होता. नदीकाठानं माणूस चालतो तशी चाल. भूक लागली की बसायचं, चिलीम ओढायची, पुन्हा उठायचं.

पेन मंडळींनी आधीच जंगलातून वाट तोडून ठेवली होती. शिधा घोड्यांवर लादला होता. गडी निवडले ते दमसास पाहून. चाल कसली, धावच सुरू झाली. सोबत आलेले लेनापे साक्षीदार 'पळू नका, चाला' असं सांगत राहिले आणि शेवटी वैतागून माघारी फिरले. जेनिंग्जचा दम पहिल्याच दिवशी संपला, येट्स दुसऱ्या दिवशी कोसळला, मार्शल तेवढा दुपारपर्यंत टिकला. सुमारे ६५ मैल, म्हणजे शंभरेक किलोमीटर. पण खरी करामत त्यानंतरची. चाल जिथं संपली तिथून डेलावेअर नदीपर्यंत हद्दीची रेघ ओढायची होती. ती जवळच्या काठाला न नेता मोजणीदारानं काटकोनात वळवली आणि ईशान्येला लांबवर नेऊन नदीला भिडवली. पदरात पडलेला मुलूख सुमारे १२०० चौरस मैलांचा झाला. अख्ख्या गोव्यापेक्षा थोडाच लहान. त्यातले काही तुकडे तर पेन बंधूंनी ही चाल होण्याआधीच गिऱ्हाइकांना विकून टाकले होते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याकडची मोजणी आठवली. बांधावर उभी दोन्हीकडची भावकी, मधे मोजणीदार, आणि 'साखळी कुठल्या दगडापासून धरली?' यावरून पेटलेलं भांडण. अशा वेळी शहाणा माणूस जमिनीकडं बघत नाही, मोजणाऱ्याच्या हाताकडं बघतो. सुरुवातीच्या अमेरिकेचा इतिहास वाचताना आपण नेमकं हेच विसरतो. 'जमीन विकत घेतली होती की बळकावली होती?' हा वाद तिथं दोनशे वर्षं चालू आहे, आणि त्यात दोन्ही बाजू जमिनीकडंच बघत बसल्या आहेत. माझं म्हणणं असं, की खरेदी झाली होती. हजारो खतं आहेत, बरीचशी खरी आहेत. पण खताचा अर्थ काय, ते कुणी करून द्यायचं, आणि वाद झाला तर निवाडा कुणी करायचा, हे तिन्ही अधिकार एकाच बाजूच्या हाती गेले. मग खरेदी खरी असूनही जमीन गेली ती गेलीच.

आपल्या मनात या इतिहासाची दोन ठोकळेबाज चित्रं असतात. एक सिनेमातलं: घोडे, बंदुका, जळणाऱ्या झोपड्या. दुसरं मॅनहॅटन बेटाचं: भाबड्या लोकांनी चोवीस डॉलरच्या मण्यांवर सगळं बेट देऊन टाकलं. या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा किती, तर ५ नोव्हेंबर १६२६ला पीटर स्खागन नावाच्या डच अधिकाऱ्यानं लिहिलेल्या पत्रातली एक ओळ. बेट ६० गिल्डर किमतीला घेतलं, एवढंच ती सांगते. मणी नाहीत, विकणाऱ्यांची नावं नाहीत, खतही उरलेलं नाही. चोवीस डॉलर हा एकोणिसाव्या शतकातला हिशेब. पण गोष्ट टिकली, कारण ती सोयीची आहे. विकणारा मूर्ख ठरला की घेणाऱ्याला फार काही विचारावं लागत नाही.

विकणारे मूर्ख नव्हते. १५ जुलै १६३६चं एक खत वाचण्यासारखं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये आज जिथं स्प्रिंगफील्ड शहर आहे, तिथली अगावामची जमीन विल्यम पिंचन आणि त्याच्या जोडीदारांनी घेतली. किंमत: अठरा वाव वॅम्पम, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा, शिवाय अठरा कोट, अठरा कुऱ्हाडी, अठरा कुदळी आणि अठरा सुऱ्या. मालकांमध्ये बायकांचीही नावं आहेत. आणि आता अटी बघा. पेरलेली जमीन विकणाऱ्यांकडंच राहील. त्यांना मासे धरता येतील, हरणं मारता येतील, रानातले कंद, अक्रोड, ओकची फळं गोळा करता येतील. गोऱ्यांच्या गुरांनी मका खाल्ला तर नुकसान भरून द्यावं लागेल. डुकरं एका ठरावीक बाजूला सोडायची नाहीत, सोडली तर ओकची फळं पडण्याच्या हंगामातच.

याला खरेदीखत म्हणायचं की वाटणीपत्र? माझ्या मते हे शेजाराचं कलम आहे. आम्ही इथं राहतोच आहोत, तुम्हीही या, कोण काय वापरणार ते ठरवून घेऊ. ईशान्य किनाऱ्यावरच्या लोकांची जमिनीची कल्पनाच अशी थरांची होती. शेत ते कसणाऱ्या बाईचं आणि तिच्या घरचं, तेही कसत असेपर्यंत. मासेमारीच्या जागेवर हंगामात चार गावांचा हक्क. शिकारीचं रान आणखी वेगळं. सगळ्यावर प्रमुखाची, त्यांच्या भाषेत साचेमची, देखरेख. पण साचेम म्हणजे जमीनदार नव्हे. आपल्याकडंही इंग्रज येण्याआधी एकाच शिवारावर मिरासदार, उपरी, वतनदार आणि बलुतेदार यांचे हक्क एकावर एक होतेच की. इंग्रजी खतात मात्र एकच थर मावत होता: मालक. बाकीचे थर अटी म्हणून शेपटाला जोडले गेले, आणि पुढच्या पिढीच्या कोर्टात अटी गळून मालक तेवढा उरला.

गळाल्या कशा, तर डुकरांमुळं. ही थट्टा नाही. वसाहतवाल्यांनी डुकरं रानात मोकाट सोडली. त्यांनी मक्याची कणगं उकरली, किनाऱ्यावरचे शिंपले फस्त केले. १६४२ साली नॅरागॅन्सेट टोळीचा साचेम मियांटोनोमी लाँग आयलंडवर जाऊन शेजाऱ्यांना सांगत होता, की आमच्या वडिलांच्या काळी हरणं, मासे, पक्षी यांची रेलचेल होती. आता हे लोक विळ्यानं गवत कापतात, कुऱ्हाडीनं झाडं पाडतात, यांची गुरं गवत खातात, डुकरं शिंपले खातात, आपण सगळे उपाशी मरू. नुकसानभरपाईची तक्रार न्यायची कुठं, तर ज्यांची डुकरं त्यांच्याच कोर्टात. पुढं मूलनिवासींनीच आपल्या शेतांना कुंपणं घालावीत, असे नियम झाले. पुढल्याच वर्षी, १६४३मध्ये, मियांटोनोमी शत्रू टोळीच्या हाती सापडला आणि इंग्रज वसाहतींच्या प्रतिनिधींच्या संमतीनं त्याला मारलं गेलं.

गंमत म्हणजे हाच मियांटोनोमी आणि त्याचा काका कॅनोनिकस यांनी रॉजर विल्यम्सला प्रॉव्हिडन्सची जागा दिली होती. विल्यम्स हा या सगळ्या काळातला मला सर्वांत आवडणारा माणूस. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत राहून तो उघड म्हणाला, की राजाच्या सनदेला काही अर्थ नाही, जी जमीन राजाची नाहीच ती तो देणार कुठून? मूळ मालकांकडून घ्या, मग तुमची. अशा मतांपायी १६३५ साली त्याला हद्दपार केलं. त्याच वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप मात्र वेगळा धडा देत होता. हे लोक जमिनीला कुंपण घालत नाहीत, गुरं पाळत नाहीत, एका जागी ठरून राहत नाहीत. सबब त्यांचा हक्क फक्त निसर्गदत्त, कायदेशीर नव्हे. त्यांना पुरेल तेवढी सोडा, बाकीची मोकळीच आहे. जे लोक जमीन कसतच नाहीत म्हणून ती मोकळी ठरली, त्यांनीच पेरून, सुकवून जमिनीत पुरून ठेवलेला मका १६२०च्या हिवाळ्यात केप कॉडवर उकरून काढून प्लिमथ गाव वसवणाऱ्या इंग्रजांनी बियाण्याला नेला होता. आणि प्लिमथ वसलं ते पटक्सेट या गावाच्या जागेवर. काही वर्षांपूर्वीच्या साथीत तिथली माणसं मेली म्हणून गाव ओसाड होतं. शेतं तयारच होती.

तरीही विन्थ्रॉपच्या वसाहतीनं जमिनी विकतच घेतल्या. १६२९मध्येच लंडनहून कंपनीची सूचना आली होती: कुणी मूलनिवासी हक्क सांगत असेल तर तो विकत घ्या, घुसखोरीचा बोल लागायला नको. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याची मालकी नाही त्याच्याकडून कुणी खत लिहून घेत नाही. डचांनी, इंग्रजांनी, क्वेकर पंथाच्या लोकांनी लिहून घेतलेलं प्रत्येक खत म्हणजे समोरचा माणूस मालक असल्याची त्यांच्याच हातची कबुली आहे. दक्षिणेकडं व्हर्जिनियात तेवढीही फिकीर नव्हती. तिथं १६१८पासून माणशी ५० एकरांचा नियम आला. जो जहाजाचं भाडं भरून माणूस आणेल त्याला त्या डोक्यामागं ५० एकर. पुढं गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची डोकीही यात मोजली गेली. ज्याचं सर्वस्व हिरावलं त्याच्याच डोक्यावर दुसऱ्याची हिरावलेली जमीन. याहून जास्त लिहायची गरज नाही.

अठराव्या शतकात खरेदीची तऱ्हा बदलते. आता साचेमला भेटायचं नाही, सोयीचा विकणारा शोधायचा. १७६८ साली फोर्ट स्टॅनविक्सला ब्रिटिशांनी इरोक्वा या सहा टोळ्यांच्या संघाला दहा हजार पौंडांहून जास्त किमतीचा माल आणि पैसा देऊन ओहायो नदीच्या दक्षिणेचा प्रचंड मुलूख लिहून घेतला. त्यातलं केंटकीचं रान शॉनी आणि इतर टोळ्यांच्या शिकारीचं. इरोक्वांचा त्यावरचा हक्क जुन्या विजयांच्या आठवणीपुरता. दुसऱ्याची म्हैस बाजारात नेऊन विकावी तसला प्रकार, आणि बाजार भरवणाऱ्याला म्हैस कुणाची हे पक्कं माहीत. पेन मंडळींनीही लेनापेंना हलवण्यासाठी हाच मार्ग धरला होता. १७४२मध्ये फिलाडेल्फियात इरोक्वांचा प्रवक्ता कनासाटेगो यानं लेनापेंना भर सभेत खडसावलं, की तुम्हाला जमीन विकायचा अधिकारच नाही, निघा इथून. त्याच भेटीत पेन सरकारनं इरोक्वांना नजराणे दिले.

दुसरा मार्ग उधारीचा. सावकारी पाहिलेल्या मराठी माणसाला तो समजावून सांगायला नको. २७ फेब्रुवारी १८०३ला राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी इंडियाना प्रांताचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांना खासगी पत्र लिहिलं. सरकारी व्यापारी कोठ्या वाढवू, तिथले वजनदार लोक कर्जात गेलेले आम्हाला आवडतील, कारण कर्ज फेडण्यापलीकडं गेलं की ते जमीन तोडून द्यायला राजी होतात, असा त्याचा आशय. सगळी माणसं समान जन्मतात, असं लिहिणारा हाच हात. ढोंग म्हणून हा माणूस मोडीत काढणं सोपं आहे. मला वाटतं, त्याला यात विसंगती दिसतच नव्हती. कर्जही राजीखुशीचं, विक्रीही राजीखुशीची, मग अन्याय कुठं? कागदाच्या राज्याचं हेच तर वैशिष्ट्य.

मधे एकदा लंडनच्या सरकारनं लगाम खेचला होता. ७ ऑक्टोबर १७६३च्या जाहीरनाम्यानं तिसऱ्या जॉर्ज राजानं अपालेशियन डोंगररांगेपलीकडं वसाहत बंद केली आणि मूलनिवासींकडून खासगी खरेदीला मनाई केली. मूलनिवासींच्या कळवळ्यापेक्षा लढाईचा खर्च टाळणं हा हेतू मोठा होता. जॉर्ज वॉशिंग्टन, जे स्वतः तरुणपणी पेशानं मोजणीदार, त्यांनी १७६७मध्ये विल्यम क्रॉफर्ड या ओळखीच्या मोजणीदाराला लिहिलं, की हा जाहीरनामा म्हणजे त्या लोकांची मनं शांत करायची तात्पुरती युक्ती आहे. चांगल्या जमिनी आत्ताच हेरून ठेव, आणि बभ्रा करू नकोस. स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांत चहा आणि करांचं नाव पहिलं निघतं. डोंगरापलीकडच्या या अडकलेल्या सट्ट्याचं नाव जरा हळू घेतलं जातं.

आणि या सट्ट्यातूनच या गोष्टीचा एक धागा थेट आपल्याकडं येतो. प्लासीनंतर, १७५७च्या डिसेंबरात, ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्जावर इंग्लंडचे दोन बडे सरकारी वकील, चार्ल्स प्रॅट आणि चार्ल्स यॉर्क, यांनी एक मत दिलं. हिंदुस्थानात मोगल बादशहाकडून किंवा कुणा हिंदी राजाकडून कंपनीला सनदेनं किंवा तहानं जमीन मिळाली, तर तिच्या मालकीसाठी इंग्लंडच्या राजाचं वेगळं पत्र लागत नाही. सार्वभौमत्व राजाचं, पण जमीन कंपनीची. हे मत अटलांटिकपलीकडच्या दलालांच्या हाती लागलं. त्यांनी त्याची नक्कल केली आणि एक शब्द गाळला: मोगल. उरलं काय? 'इंडियन राजे'. आता हे इंडियन कुठले, हे कोण विचारतो! १७७३ साली विल्यम मरे नावाच्या व्यापाऱ्यानं ही नक्कल कास्कास्किया इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्याला दाखवली आणि इलिनॉय टोळ्यांकडून जमिनीचे दोन अफाट तुकडे लिहून घेतले. कोलंबसाची नावाची चूक २८१ वर्षांनी अशी कामी आली. १७७५मध्ये त्याच्या जोडीदारांनी वॉबॅश नदीकाठी पियांकेशॉ लोकांकडून तशीच खरेदी केली.

पुढं अमेरिका स्वतंत्र झाली, हा मुलूख सरकारनं आपल्या तहांनी घेतला आणि गिऱ्हाइकांना विकला. जुन्या खतवाल्यांनी पन्नासेक वर्षं खेटे घातले. अखेर एका भागधारकाचे, टॉमस जॉन्सनचे, वारस सरकारकडून जमीन घेतलेल्या विल्यम मॅकिंटॉशविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. १८२३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला. गाळलेला मोगल त्यांच्या नजरेतून निसटला नाही. 'राजे' हा शब्द पूर्वेकडच्या इंडियन लोकांना लावतात, आपल्याकडच्यांना आपण साचेम, योद्धे, टोळ्या म्हणतो, असं त्यांनी निकालात लिहिलं. लबाडी पकडली. मग त्यांनी स्वतःचा नियम सांगितला: युरोपातल्या ज्या राष्ट्रानं देश 'शोधला' त्याला जमिनीची अंतिम मालकी मिळते, मूळ रहिवाशांकडं उरतो तो भोगवट्याचा हक्क, तो ते फक्त सरकारला देऊ शकतात, दुसऱ्या कुणाला नाही. माणसं राहत असलेला देश नुसता शोधून जिंकल्यासारखा धरायचा, हा दावा कितीही अतिशयोक्त वाटला, तरी ज्यावर सगळी मालकी उभी आहे तो नाकारणं जेत्याच्या कोर्टाला शक्य नाही, हेही त्यांनीच लिहिलं. इतका प्रामाणिक अन्याय विरळा.

सातबारा वाचणाऱ्याला हा निकाल एका ओळीत समजतो: एका रात्रीत अख्खं खंड 'भोगवटादार वर्ग २' झालं. सरकारच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, आणि गिऱ्हाईकही एकच, सरकार. आपल्याकडं वर्ग २ची जमीन बहुधा सरकारनं कुणाला तरी दिलेली असते, म्हणून अट सरकारची. तिथं घरच्या मालकालाच कूळ ठरवलं. शिवाय गिऱ्हाईक एकच असलं की भाव काय पडतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. या खटल्यात पियांकेशॉ पक्षकार नव्हते, इलिनॉय नव्हते. दोन गोऱ्या मंडळींच्या भांडणात त्यांच्या दोन शतकांच्या खतांचा निकाल लागला. पुढच्या संशोधनात तर असंही दिसून आलं, की जॉन्सन आणि मॅकिंटॉश यांच्या जमिनी एकमेकांवर येतच नव्हत्या. म्हणजे भांडणही संगनमताचं.

मोजणीचं राहिलंच. १७८५च्या कायद्यानं ओहायोपासून पुढची जमीन चौकटीत कापायला घेतली. सहा मैलांची चौरस टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा, त्यातला सोळावा शाळेसाठी. डोंगर आडवा आला, नदी आली, कुणाची दफनभूमी आली तरी रेघ सरळ. विमानातून आजही ती दिसते. या पद्धतीनं गरीब गोऱ्या शेतकऱ्याचंही भलं झालं हे कबूल केलं पाहिजे. केंटकीत झाड, ओढा, खडक अशा खुणांवर हद्दी होत्या आणि दाव्यांचा बुजबुजाट. अब्राहम लिंकनचे वडील त्या कटकटीला कंटाळून १८१६मध्ये चौकटीच्या इंडियानात गेले. पण चौकट पडायच्या आधी जमीन कोरी असावी लागते, आणि ती कोरी केली गेली. ही मोजणी जिनं झाली ती गंटरची साखळी, ६६ फुटांची, १६२० साली इंग्लंडात निघालेली. तिची निम्मी साखळी, ३३ फुटांची, मुंबई इलाख्याच्या मोजणीत आली. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो त्यामुळंच.

आता नेहमीचा आक्षेप. माझा एक मित्र प्रत्येक वेळी हेच म्हणतो: 'सगळा इतिहास असाच आहे. जगात कुणाची जमीन कुणाकडून आलेली नाही? किती मागं जाणार?' प्रश्न खोटा नाही. मूलनिवासीही एकमेकांचे मुलूख घेत होते. वर इरोक्वांचं उदाहरण दिलंच आहे. पण अमेरिकेनं 'आम्ही जिंकलं, विषय संपला' असं म्हणून राज्य उभारलेलं नाही. तिनं कायदा केला. १७८७च्या अध्यादेशात लिहिलं, की मूलनिवासींशी पूर्ण सचोटीनं वागू, त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन घेणार नाही. १७९०मध्ये आणखी कडक कायदा केला आणि १७९३मध्ये तो सुधारला: संघराज्याच्या तहाशिवाय कुठल्याही राज्यानं किंवा व्यक्तीनं त्यांच्याकडून घेतलेली जमीन बेकायदा. मी फक्त एवढंच मागतो, की तुमच्याच पट्टीनं तुम्हाला मोजू द्या.

ती पट्टी लावून पाहणारे इरोक्वा संघातले ओनायडा लोक. स्वातंत्र्ययुद्धात ते अमेरिकनांच्या बाजूनं लढले होते. १७९५ साली न्यूयॉर्क राज्यानं संघराज्याला डावलून त्यांच्याकडून एक लाख एकर घेतले. व्यवहार उघडउघड बेकायदा. पण दाद मागायला दार कुठलं? संघराज्याच्या कोर्टांनी असले दावे ऐकायचे, हे १९७४ साली ठरलं. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केलं, की १७९५चा व्यवहार कायदा मोडणारा होता. मग ओनायडांनी आपल्याच जुन्या हद्दीतले काही तुकडे बाजारभावानं विकत घेतले आणि ही आमची सार्वभौम जमीन, इथं नगरपालिकेचा कर लागत नाही, असं म्हटलं. २००५ साली त्याच न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी नकार दिला. कारण: फार उशीर झाला, लोकांची घडी बसली. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग, अमेरिकेतल्या उदारमतवाद्यांचं आराध्य दैवत. आणि त्या निकालाच्या पहिल्याच टिपेत 'शोधाच्या' त्या जुन्या सिद्धांताचा हवाला आहे.

उशिराचा मुद्दा मी एरवी मान्य करेन. दोनशे वर्षं राहणाऱ्या शेतकऱ्याला उठवा, असं म्हणणारा माणूस नवा अन्याय करतो. ओनायडा तरी कुठं उठवा म्हणत होते? त्यांनी पैसे मोजून घेतलं होतं. पण पावणेदोनशे वर्षं दार आतून बंद ठेवायचं आणि उघडल्यावर 'आता फार वेळ झाला' म्हणायचं, याला मुदतीचा कायदा म्हणत नाहीत. आणि काळ इतका लोटला असेल, तर १८२३चा नियमही जुना झालाच की. तो कसा २००५मध्ये ताजा राहतो? ज्यावर हा नियम उभा, ते पंधराव्या शतकातले पोपचे फर्मान होते. त्याच मालिकेतल्या फर्मानांच्या आधारावर पोर्तुगीज पूर्वेकडं, गोव्यापर्यंत आले. व्हॅटिकननंसुद्धा मार्च २०२३मध्ये त्या सिद्धांताशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. पोपनं हात झटकले, कोर्टानं अजून नाही.

न्यू जर्सीत घर घेणारे मराठी लोक माझ्या ओळखीत आहेत. एडिसनसारख्या गावात कर्ज मंजूर होण्याआधी टायटल सर्च होतो, मागचे मालक तपासले जातात, विमा निघतो. सगळं चोख. ती जमीनही लेनापेंचीच. त्यांच्यापैकी बरेच आज ओक्लाहोमात आहेत, काही कॅनडातल्या ऑन्टॅरिओत. टायटलचा शोध त्यांच्यापर्यंत जात नाही, कारण जायची गरज नाही असं कायद्यानं ठरवून टाकलंय.

त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. २००४ साली ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशननं, म्हणजे लेनापेंच्याच वंशजांनी, त्या पळत मोजलेल्या मुलखातल्या सुमारे ३१५ एकरांवर दावा लावला. सगळा १२०० चौरस मैलांचा प्रदेश मागितला नाही, एवढाच तुकडा, आणि तो निवडण्यात अक्कल होती. ही जमीन टाटामी नावाच्या लेनापे दुभाष्याची. त्यानं इंग्रजी शिकून घेतली, ख्रिस्ती धर्म घेतला, शेती केली, आणि १७३८मध्ये पेन घराण्याकडून रीतसर सनद घेतली. विन्थ्रॉपच्या सगळ्या अटी त्यानं पुऱ्या केल्या होत्या. तरी १७४२नंतर, कनासाटेगोनं लेनापेंना हाकलल्यावर, त्याला तिथं राहू द्या म्हणून सरकारकडं अर्ज करावा लागला. दावा चालला तेव्हा त्या जागेवर मुलांचे रंगीत खडू बनवणारा कारखाना होता. २००६ साली अपील कोर्टानं दावा फेटाळला. कोर्टाचं म्हणणं असं, की पेन घराणं तेव्हा राजसत्ता म्हणून वागत होतं, त्यानं मूलनिवासींचा हक्क संपवला होता, आणि तो फसवून संपवला की कसा, हे तपासणं कोर्टाचं काम नाही.